पावसातली आतषबाजी

दिवाळी म्हणजे आपल्या कोकणात भात घरात येण्याचे दिवस. खळ्यावर झोडणी चालू असते, घरात नव्या पोह्यांचा वास दरवळतो आणि पोरे फटाक्यांसाठी मागे लागतात. या दिवसांत पाऊस कुणालाच नको असतो. पण २०१९ साली तो आलाच. अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचे चक्रीवादळ उठले. ते आपल्या किनाऱ्यावर आदळले नाही, ओमानच्या दिशेने सरकले. पण जाता जाता ऐन कापणीत कोकणाला भिजवून गेले. आमच्या माणगाव तालुक्यातही तेच झाले. आणि नेमक्या त्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी मुंबईत, भर पावसात आतषबाजी बघत उभा होतो. “शेतात भात भिजतंय आणि याला हे सुचतं कसं?” असे तुम्ही म्हणाल. म्हणून सगळे सांगतो.

माझी आई सत्तरी ओलांडलेली. मोतीबिंदूमुळे दोन वर्षे तिला पणती दिसे ती नुसता पिवळा डाग म्हणून. माणूस ती आवाजावरून ओळखे. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईला तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया केली. धाकटा भाऊ लालबागच्या चाळीत राहतो, त्याच्याकडे सोय होती. दिवाळीच्या तोंडावर शेवटची तपासणी झाली आणि शनिवारी, २६ ऑक्टोबरला, नवा चष्मा हातात आला. रविवारी सकाळच्या एसटीने परत निघायचे ठरले होते.

शनिवारी रात्री घरून फोन आला. उघडीप बघून कापलेले भात खाचरात पसरलेले होते. मंडळींनी आणि चुलतभावाने मिळून जमेल तेवढे भारे बांधावर घेतले, बाकीचे पाण्यात. मी म्हटले, “पहाटेच निघतो.” तर मंडळी म्हणाल्या, “तुम्ही येऊन पाऊस थांबणार आहे का? उचलायचं ते आम्ही उचललंय. आईंना नवा डोळा आलाय, त्यांना एक दिवस मुंबईची दिवाळी दाखवा नि मग या.” यावर मला बोलायला जागाच राहिली नाही.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी २७ तारखेला आले होते. संध्याकाळी पूजा झाली आणि पावसाची बुरबुर सुरू झाली. भाऊ म्हणाला, “आज कोण फटाके उडवणार?” पण पुतणे ऐकेनात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली होती. म्हणजे दोन तासांत पाहायचे ते पाहायचे. दोन छत्र्या घेतल्या, लोअर परळहून लोकल धरली आणि मरीन लाइन्सला उतरलो. स्टेशनबाहेर आले की समोर समुद्रच.

गर्दी पाहून मी चकित झालो. कुणी डोक्यावर प्लॅस्टिक घेतलेले, कुणी पोराला खांद्यावर बसवलेले. पावसाला भिऊन घरी बसले असतील असे मला वाटले होते, ते सगळे इथेच होते. नरिमन पॉइंटपासून मलबार हिलपर्यंत वळत गेलेली दिव्यांची रांग ओल्या रस्त्यात उलटी दिसत होती. मग एकेक बाण वर जाऊ लागला. काही वाती दमट होऊन फुसफुसल्या आणि पोरे हिरमुसली. पण जे पेटले ते पावसाने विझले नाही. याचे कारण सोपे आहे. फटाक्याच्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. जळायला लागणारा प्राणवायू सोऱ्यातच असतो, त्यामुळे एकदा पेट घेतला की वरच्या पाण्याला ती आग जुमानत नाही. रंग येतात ते क्षारांमुळे. चुलीत मीठ पडले की ज्योत पिवळी होते ना, तसेच. तांबड्या रंगाला स्ट्रॉन्शियम, निळ्याला तांबे.

मलबार हिलकडे उजेड दिसे आणि आवाज सहा-सात अंक मोजल्यावर येई. आपण वीज चमकली की मोजतो, तेच गणित: तीन सेकंदांना एक किलोमीटर.

आई छत्रीखाली गप्प उभी होती. चष्म्यावर पाणी आले की पदराने पुसायची. एक मोठे फूल थेट डोक्यावर फुटले, सगळीकडे लख्ख झाले आणि ती एकदम म्हणाली, “अरे, पाऊस दिसतोय मला. थेंब न् थेंब दिसतोय.”

दोन वर्षे तिने पाऊस कौलांवर नुसता ऐकला होता. तिकडे आमचे भात बुडवणारा पाऊस तो हाच. त्याला शिव्या घालाव्यात की हात जोडावेत, मला कळेना.

थोड्या वेळाने तिने विचारले, “हे करतं कोण?” मी सांगितले, आपल्या देशातले बहुतेक फटाके तामिळनाडूतल्या शिवकाशीचे. तो मुलूख कोरडवाहू. शेतीवर भागेना, म्हणून १९२० च्या दशकात अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले; पुढे त्यातूनच फटाके आले. फटाका उन्हात वाळवावा लागतो आणि तिथे ऊन भरपूर. आई म्हणाली, “म्हणजे आपल्या भातासारखंच. वाळलं तर खरं. त्यांच्याकडं आज पाऊस नसू दे बाबा.”

सोमवारी, पाडव्याला, घर गाठले. बांधावरचे भारे वाचले होते. खालच्या भाताला कोंब फुटले होते. वाचलेल्यातले ओलसर भात मंडळींनी उकडून त्याचा उकडा तांदूळ केला, तेवढे तरी पदरात पडले. नोव्हेंबरात राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली, दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे गुंठ्याला साधारण ऐंशी रुपये. त्या रात्री आभाळात गेलेल्या एकेका बऱ्या पेटीला त्याहून जास्त पडले असतील. पण त्याचा राग मी त्या गर्दीवर काढत नाही. ती माणसेही वर्षभर राबून दोन तास उजेड बघायला आली होती.

मंडळी, आपल्या घरात एक वाक्य फार चालते: “सुगी होऊ दे, मग बघू.” म्हातारीचा डोळा, लेकीचे माहेरपण, पोरांची जत्रा, सगळे सुगीनंतर. आणि एक सुगी संपते तोवर दुसरी पेरणी येते. तुमच्या घरी कुणाला पणतीचा पिवळा डाग दिसत असेल, तर या वर्षीच दवाखान्यात न्या. भात बुडाले तर पुढल्या साली पुन्हा लावता येते. आईने पाऊस पाहिला, तो त्याच साली पाहिला.