हडसनकांठचें नादगृह

न्यूयॉर्क नगरीच्या पश्चिमेस हडसन नदी वाहते. नदीच्या पैलतीरीं, न्यू जर्सी राज्याच्या बाजूस, काळसर पाषाणाच्या उभ्या कड्यांची लांबच लांब रांग आहे. तीस पॅलिसेड्स म्हणतात. १९३१ सालीं खुला झालेला जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडला कीं या कड्यांच्या माथ्यावर वसलेलें इंगलवुड क्लिफ्स हें लहानसें गांव जवळच लागतें. न्यू जर्सींत आतां महाराष्ट्रीय कुटुंबें पुष्कळ आहेत. माझ्या कन्येचा संसारही त्याच राज्यांत आहे. तिच्याकडे मुक्कामास असतां अनेक प्रेक्षणीय स्थळें पाहिलीं. परंतु मनांत घर करून राहिलें तें येथील झाडींत दडलेलें एक ध्वनिमुद्रणगृह.

रस्त्यावरून पाहतां तेथें विशेष कांहीं दिसत नाहीं. वृक्षांच्या आड उतरत्या छपराची एक वास्तु, एवढेंच. परंतु त्या छपराखालीं सुमारें ३९ फूट उंचीचें, लांकडी कमानींनीं तोललेलें दालन आहे; छायाचित्रांत तें पाहतांना एखाद्या मंदिराच्या सभामंडपाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. ही वास्तु १९५९ सालीं रुडी व्हॅन गेल्डर या गृहस्थांनीं उभारविली. हे व्यवसायानें नेत्रपरीक्षक. दिवसां लोकांची दृष्टि तपासावयाची आणि उरल्या वेळांत हॅकेन्सॅक येथील आईवडिलांच्या घरीं, बैठकीच्या खोलींत, वादकांचें ध्वनिमुद्रण करावयाचें, असा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. नव्या वास्तूचा आराखडा डेव्हिड हेन्केन यांचा. फ्रँक लॉइड राइट या थोर स्थपतीच्या विचारांचे ते अनुयायी. येथें व्हॅन गेल्डर हातमोजे घालून यंत्रें हाताळीत, आणि परक्यानें ध्वनिग्राहकास बोट लावलेलें त्यांस खपत नसे. आजीचें सोंवळें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस या शिस्तीचें नवल वाटणार नाहीं.

येथें मुद्रित होई तें मुख्यत्वें जाझ संगीत. तें आपणांस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. मुंबईच्या हॉटेलांतून गोमंतकीय वादकांनीं तें एके काळीं गाजविलें, आणि त्यांपैकीं चिक चॉकलेट यांच्या साहाय्यानें सी. रामचंद्रांनीं ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत त्याचा रंग आपल्या कानांपर्यंत पोंचविला. परंतु तो नृत्याचा जाझ. १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत, नदीपलीकडच्या न्यूयॉर्कांत, चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनिअस मंक आदि तरुण वादकांनीं त्यास निराळें वळण दिलें. त्याचें नांव बीबॉप. मोठा वाद्यवृंद जाऊन चार-सहा जणांचा मेळ आला. पाय थिरकविण्यापेक्षां कान देऊन ऐकण्याकडे रोख वळला. प्रथम मिळून धून वाजवावयाची, मग आळीपाळीनें प्रत्येकानें स्वतंत्र विस्तार करावयाचा, आणि शेवटीं पुन्हां धुनेवर यावयाचें. आपल्याकडे रागाचे स्वर ठरलेले असतात. तेथें स्वरसंवादांची मालिका ठरलेली असते, व ती तालाच्या आवर्तनाप्रमाणें फिरत राहते. तिचें भान सुटलें कीं वादक उघडा पडतो.

या शिस्तींत तयार झालेले एक गिटारवादक म्हणजे ग्रँट ग्रीन. त्यांचा जन्म सेंट लुई येथें १९३५ सालचा. अनेक स्वर एकदम छेडण्याऐवजीं ते बहुधा एका वेळीं एकच स्वर घेत; चार्ली पार्कर यांच्या सॅक्सोफोनप्रमाणें एक वाक्य उच्चारीत आणि श्वास घेतल्यासारखे थांबत. तंतुवाद्यांत आपण ज्यास गायकी अंग म्हणतों, त्याच जातीचा हा प्रयत्न.

४ नोव्हेंबर १९६३ रोजीं ते पांच सोबत्यांसह या दालनांत आले. पियानोवर ड्यूक पिअर्सन, सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, व्हायब्राफोनवर बॉबी हचर्सन, बासवर बॉब क्रॅनशॉ आणि ड्रमवर अल हेअरवुड. सर्वांनीं एकदम वाजवावयाचें व व्हॅन गेल्डर यांनीं त्याच क्षणीं आवाजांचा तोल साधून तें फितीवर उतरवावयाचें, अशी तेथील पद्धति होती. ‘आयडल मोमेंट्स’ ही पिअर्सन यांची संथ धून. ती सातएक मिनिटांत आटोपावी असा बेत होता. धुनेचें आवर्तन सोळा खंडांचें. परंतु प्रत्येकानें किती आवर्तनें घ्यावयाचीं याविषयीं गैरसमज झाला, आणि एकेकाचा वाटा ठरल्याच्या दुप्पट झाला. कोणीं हात आंखडला नाहीं, कोणीं थांबविलें नाहीं. वादन संपलें तेव्हां सुमारें पंधरा मिनिटें झालीं होतीं.

आतां अडचण उभी राहिली. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस वीसएक मिनिटेंच चांगलीं मावत. ती धून पुन्हां बेतांत बसवून वाजविणें हा सरळ मार्ग होता. परंतु ब्लू नोट संस्थेचे चालक आल्फ्रेड लायन यांनीं लांबलेली धून तशीच ठेविली. १५ नोव्हेंबरला मंडळी पुन्हां जमली, आणि ‘जीन डी फ्लर’ व ‘जँगो’ या दुसऱ्या दोन रचना आंखूड करून नव्यानें वाजविण्यांत आल्या. एकाचें बोलणें लांबलें म्हणून इतरांनीं अंग चोरून जागा करून दिली. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचें मर्म सांगावयास नको.

गोष्ट एवढ्यावरच संपती तर बरें होतें. परंतु दालनानें जितकें ऐकलें तितकें बाजारानें ऐकलें नाहीं. ग्रीन यांनीं १९६४ सालीं येथेंच वाजविलेली ‘मॅटॅडोर’ ही ध्वनिमुद्रिका १९७९ सालापर्यंत अप्रकाशित राहिली; आणि त्याच सालच्या ३१ जानेवारीस, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षीं, ग्रीन निवर्तले. व्हॅन गेल्डर यांस दीर्घायुष्य लाभलें; ते २०१६ सालीं वारले. २०२२ सालीं या वास्तूची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत झाली. दगडलांकडास मान मिळाला हें योग्यच झालें. त्यांत ज्याचा स्वर घुमला, त्याच्या पुष्कळशा कामाचें चीज मात्र तो गेल्यावर झालें, याची रुखरुख लागून राहते.

त्या वास्तूसमोरील रस्त्यावर मोटारींचा ओघ अखंड चालू असतो. त्या गलबल्यास लागूनच एका गृहस्थानें शांततेसाठीं एवढी उंच जागा बांधली, आणि तींत सहा जणांनीं पंधरा मिनिटें परस्परांचें मन लावून ऐकलें. आपल्या घरीं एखादें लेंकरूं पेटी घेऊन बसलें असेल, आणि त्याचा विस्तार थोडा लांबला असेल, तर पानें वाढल्याची हांक दोन मिनिटें उशिरां मारावी. एवढें तरी त्या कड्यावरून घरीं आणण्यासारखें आहे.