बेताने

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. चकलीच्या भाजणीत मोहन किती घालावयाचे, हा तो वाद. आई म्हणते, "बेताने घाल." पत्नी विचारते, "बेताने म्हणजे किती?" मग आई आपला हात पुढे करून म्हणते, "हे बघ, एवढं." त्या हातात काय दिसावयाचे ते आईलाच ठाऊक! शेवटी पत्नी फडताळातून 'रुचिरा' काढते. कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक १९७० साली प्रथम निघाले. त्यांनी मापे दिली ती वाटी-चमच्यांत, म्हणजे ज्या वस्तू प्रत्येक स्वयंपाकघरात हाताशी असतात त्यांत. नवख्या सुनांची अब्रू ह्या एका युक्तीने किती वेळा राखली असेल, कोण जाणे!

ह्या वादात मी पूर्वी आईच्या बाजूचा होतो. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. 'बेताने', 'हलकेच', 'जपून' हे माझे लाडके शब्द. पण दोन वर्षांपूर्वी ह्याच शब्दांनी मला असा धडा शिकवला, की तेव्हापासून मी निमूटपणे पत्नीच्या बाजूला जाऊन बसलो आहे.

वेळापूर म्हटले की लोकांना ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम आठवतो, नाही तर अर्धनारीनटेश्वराचे जुने देऊळ. पालखी पुढे गेली की गाव पुन्हा आपल्या ऊस-डाळिंबांकडे वळते. माझ्या धाकट्या भावाची डाळिंबाची बाग आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्याने पेढे वाटले होते. परंतु डाळिंब हे मोठे नाजूक पीक. तेल्या आहे, मर आहे, किडी आहेत. फवारणीला खळ नाही. फवारणी करतात ते आमचे तात्या. वीस वर्षे ते बागेत आहेत. चौथीपर्यंत शिकलेले, वाचतात संथपणे, पण एकही अक्षर न सोडता.

औषधाच्या बाटलीबरोबर एक घडीची पत्रिका येते. कायद्याने ती द्यावीच लागते, आणि तीत मराठीही असते. पण अक्षर मुंगीएवढे, आणि भाषा अशी की मलाच दोनदा वाचावी लागते. भाऊ म्हणाला, "दादा, तू एवढ्या कादंबऱ्या लिहितोस, तात्यांसाठी चार ओळी लिहून दे की."

मी लिहून दिल्या. सुंदर, वळणदार अक्षरांत, रंगीत चौकट काढून. 'औषध बेताने घालावे. वाऱ्याची दिशा पाहून काळजीपूर्वक फवारणी करावी. आवश्यक ती संरक्षक साधने वापरावीत.' मोटारीच्या खोलीत तो कागद डकवला आणि घरी आलो.

चौथ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. तात्या बांधावर कोसळले होते. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अकलूजच्या दवाखान्यात नेले. भावाने सुचून औषधाची बाटली बरोबर घेतली होती. ती पाहताच डॉक्टरांनी अॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली. ती रात्र मी दवाखान्याच्या बाकावर काढली.

पहाटे तात्या बोलू लागले. मी विचारले, "तात्या, वाऱ्याची दिशा बघायची असं लिहिलं होतं ना?"

ते म्हणाले, "बघितली की मास्तर. मावळतीचा वारा होता. बघितली आन् मग मारायला लागलो."

मावळतीचा वारा, आणि तात्या मावळतीकडे तोंड करून फवारीत होते. दिशा पाहा, असे मी लिहिले होते. पाहून काय करावयाचे, ते लिहिलेच नव्हते! त्यांनी माझे अक्षरन् अक्षर पाळले होते. ती शरम अजून माझ्या मनातून गेलेली नाही. माझी कादंबरी फसली तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. इथे वाचकाला पुस्तक मिटण्याची सोय नव्हती. त्याला मी लिहिलेले करावे लागत होते.

तोपर्यंत असल्या लिखाणाला मी हलके समजत असे. यंत्राची माहिती, औषधाची कृती, अर्ज कसा भरावा, हे काय साहित्य? पण १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढले ते कारखान्याचे पत्र म्हणून, आणि तेच पुढे घरोघरी वाचले जाणारे मासिक झाले. नांगराची माहिती सांगणारा आणि गोष्ट सांगणारा, दोघे एकाच घरात नांदू शकतात, हे आपल्या मराठीने केव्हाच दाखवून दिले आहे.

मी नव्याने लिहावयास बसलो. शिकवायला कुणी नव्हते. मदतीला होता तो मोबाईल. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आता नेटवर आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून ज्याचे खंड निघू लागले तो मराठी विश्वकोशही तिथे फुकट वाचावयास मिळतो. सोलापूरला २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची माहितीही घरबसल्या पाहता येते. दहावीपाशी थांबलेल्या माझ्यासारख्याला एवढे ग्रंथालय एरवी कुठले मिळावयाचे? पण एक गोष्ट ध्यानात आली. कोश मला बरोबर शब्द देत होता. तात्यांना कळणारा शब्द तात्यांकडेच होता. 'संरक्षक साधने' खोडून मी 'रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा' असे लिहिले. २०२० नंतर 'मास्क' हा शब्द आमच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मग कागद घेऊन तात्यांच्या घरी गेलो. म्हटले, "तात्या, हे वाचा, आणि नुसतं पाणी घेऊन तसं तसं करून दाखवा. मी बोलणार नाही." त्या तासाभरात मी जे शिकलो ते कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहून तात्या म्हणाले, "लाल म्हंजी डाळिंबाचं औषध असंल." वास्तविक तो रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यांत सौम्य. पत्रिकेतले माप हेक्टरी, आणि तात्यांच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप! हेक्टरी ५०० लिटर पाण्यात ५०० मिलिलिटर औषध, असे लिहिले असेल तर लिटरला एक, म्हणजे पंपाला १६ मिलिलिटर. हा हिशेब मी करून द्यावयाचा, की अंगावर पंप घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाने?

इतक्यात दारातून काकू म्हणाल्या, "आन् ह्यांची कापडं? मी ती समद्यांच्या कापडात भिजवते." त्या बाईंसाठी माझ्या कागदात एक ओळही नव्हती! ती तिथेच लिहिली.

आता मोटारीच्या खोलीत जो कागद आहे त्यात एकही विशेषण नाही. 'वारा पाठीवर घ्या. वारा तोंडावर आला तर पंप बंद करा. औषध मापाच्या भांड्यानेच घाला. फवारणी चालू असताना खाऊ नका, तंबाखू मळू नका. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. चक्कर आली तर काम थांबवा, १०८ ला फोन करा, बाटली बरोबर न्या.'

पुतण्याने तोच कागद नेटवर ठेवला. आठवड्यात सांगोल्याकडून एका शेतकऱ्याचा फोन आला, "गुरुजी, माझा पंप वीस लिटरचा आहे. माझं माप लिहिलं नाही तुम्ही." लगेच लिहिले. भिंतीवरचा कागद वाचकाचे ऐकत नाही. हा ऐकतो, आणि त्याच दिवशी सुधारतो. माझ्या कादंबऱ्यांना असा वाचक कधी लाभेल?

परवा भाजणी मळावयास घेतली तेव्हा आईने नेहमीप्रमाणे पळीत तेल घेतले. मी मध्येच वाटी धरली. "अरे, हे काय?" ती म्हणाली. "काही नाही, ओत यात." तिने ओतले. चार वाट्या भाजणीला पाव वाटीला एक चमचा कमी. मी ते 'रुचिरा'च्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले, आणि खाली आईचे नाव घातले.

आईने चष्मा लावून ते वाचले. "एवढंच होतं होय!" ती म्हणाली, आणि हसून पुढच्या घाण्याला लागली.