म्यान धरलंय

आमच्या घरात एक वाक्य होतं, ते बाहेरच्या कुणाला कळलं नसतं. सकाळी पडवीत पाणी घालायला गेलेलं कुणीतरी आत हाक द्यायचं, "म्यान धरलंय!" आणि आम्ही चौघं भावंडं अंथरुणं तशीच टाकून अनवाणी बाहेर धावायचो. कॅटलिया या ऑर्किडच्या नव्या बल्बच्या, म्हणजे फुगीर खोडाच्या, डोक्यावर, पान जिथून निघतं त्या बेचक्यात, चपटी हिरवी पिशवी उभी राहते. तिला आम्ही म्यान म्हणायचो. कळ्या तिच्या आत वर चढतात. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रात्री म्यानाच्या मागे बॅटरी धरायचे. उजेडात तळाशी काळपट सावल्या दिसल्या, तर त्या कळ्या. नाही दिसल्या तर पुन्हा आठवड्यानं. म्यान धरल्यापासून फूल येईपर्यंत कधी महिना जायचा, कधी चार. कधी म्यान वाळून पिवळं पडायचं, आजी म्हणायची, "गेलं रे ते," आणि मग त्या वाळक्या म्यानातूनच कळी डोकं काढायची.

हे सगळं सुरू झालं १९७४ च्या मे महिन्यात. धाकटे काका सैन्यात होते, त्यांची नेमणूक कालिंपोंगला होती. न्यू जलपाईगुडीहून हावडा, हावड्याहून मुंबई, मुंबईहून एसटीनं सावंतवाडी असा प्रवास करून ते रजेवर आले. कोकण रेल्वे अजून चोवीस वर्षं लांब होती. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत कपडे खाली होते आणि वर वाळक्या शेवाळात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा झाडं. मुळं उघडी, पानं जाड, एकेकाला पत्र्याची चिठ्ठी बांधलेली. कालिंपोंगला ऑर्किडच्या नर्सरी आहेत. तिथल्या एका माळ्याशी काकांची ओळख झाली होती आणि त्यानं ही निवडून दिली होती.

आजीनं पाहिलं आणि म्हणाली, "बांडगुळं कशाला आणलीस घरात?" आंब्याच्या गावात बांडगूळ म्हणजे वैरी. अण्णांनी तिला अंगणातल्या आंब्याखाली नेलं. त्यावर सीतेची वेणी होती, आजी दर वर्षी तिच्या फुलांची वाट बघायची. बांडगूळ झाडाचा रस पितं, ही नुसती फांदीवर बसते, पावसाचं पाणी आणि हवेतला ओलावा घेते, हे आजीला ठाऊकच होतं. "ही तिची लांबची भावकी," अण्णा म्हणाले, "ब्राझील-कोलंबियाकडची." त्या दिवसापासून आजीनं त्यांना बांडगूळ म्हटलं नाही.

अण्णा पोस्टात होते. बागकामाचं शिक्षण कुठलं नाही. त्यांना शिकवलं ते काकांच्या पत्रांनी आणि मेलेल्या झाडांनी. पहिल्या पावसाळ्यात सहातली दोन गेली. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. झाडं नारळाच्या सोडणांत लावलेली. सोडणं पाणी धरून बसली आणि नव्या कोंबाच्या बुडाशी काळा, पाणचट डाग आला. चार दिवसांत अख्खा बल्ब काळा. सुपारीवर कोळेरोग ज्या कुळातल्या बुरशीनं पडतो, त्याच कुळातली ही. अण्णांना सुपारी कळत होती, म्हणून हे कळलं. पुढल्या वर्षी त्यांनी सोडणं काढून टाकली. कोळसा आणि विटांचे तुकडे आले, कुंभाराकडून बाजूला भोकं असलेल्या कुंड्या मुद्दाम करून घेतल्या. मृग लागण्याआधी सगळ्या कुंड्या पडवीच्या छपराखाली, हस्त सरला की पुन्हा चुडतांच्या मांडवाखाली. मुळांवर जो पांढरा स्पंजासारखा थर असतो, तो पाणी झटकन पितो, पण नंतर त्याला वारा हवा. कुंडी हातात उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. हा वजनाचा अंदाज आमच्या तळहातांत अजून आहे. बाजारात भाजी उचलतानासुद्धा आम्हा बहिणींना तो जाणवतो.

आणि पानांचा रंग. आम्हाला वाटायचं, झाड हिरवंगार म्हणजे बरं. कॅटलियाचं तसं नाही. पान पानवेलीसारखं काळपट हिरवं झालं की समजावं, सावली जास्त झाली, आता फूल नाही. थोडी पिवळट झाक हवी. दुपारी पानाला हात लावायचा. गरम लागलं तर चुडतांचा आणखी एक थर.

निवडीचं शास्त्र मात्र अण्णांनी आम्हाला पुण्यात शिकवलं. आत्याकडे गेलो होतो तेव्हा जानेवारीतलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेलो. ऑर्किडच्या टेबलाभोवती गर्दी, सगळे फुलांकडे बघतायत आणि अण्णा वाकून कुंडीच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधतायत. आम्हाला लाज वाटली. नंतर ते म्हणाले, "फूल महिन्यात जाईल. घरी जे नेणार आहात ते बघा." ते बघत होते नवा कोंब. कॅटलिया एकापुढे एक बल्ब टाकत चालते आणि फूल येतं ते पुढच्या, नव्या बल्बवर. मागचे जुने बल्ब म्हणजे शिदोरी. तीन-चार धडधाकट बल्ब, पुढे जिवंत कोंब, मुळांची टोकं हिरवी, एवढं असेल तर फुलाशिवायही झाड घ्यावं. दोन दिशांना दोन कोंब असतील तर दुप्पट पैसे द्यावेत, असं ते म्हणत आणि देतही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली, ती आम्हाला फार उशिरा उमगली. चिठ्ठीवरच्या नावाचे दोन भाग असतात. आमचं पांढरं होतं बो बेल्स, १९४५ साली नोंदवलेला संकर. पण एका संकराच्या बियांतून शेकड्यांनी रोपं निघतात आणि ती सख्खी भावंडं असतात, एकसारखी नसतात. एकाची पाकळी रुंद, एकाची मागे वळलेली, एक दर वर्षी फुलतं, एक फक्त पानं काढतं. त्यांतलं जे सरस ठरतं, त्याला वेगळं स्वतःचं नाव मिळतं, ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. आणि ते नाव फक्त त्याच झाडाचं, त्याच्या तुकड्यांचं, पुढे ऊतीसंवर्धनाची सोय झाल्यावर त्यातून काढलेल्या रोपांचं. बी लावून ते पुन्हा मिळत नाही. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगरवर ऑर्किडचं बी बुरशीच्या मदतीशिवाय रुजवून दाखवलं, तेव्हापासून बियांची रोपं भरपूर झाली. पण बी ते फूल हा रस्ता पाच ते सात वर्षांचा, आणि शेवटी काय निघेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून अण्णा संकराचं नाव वाचून थांबायचे नाहीत, अवतरणातलं नाव शोधायचे.

आईला लाल हवं होतं. देवघरात ठेवायला लाल. काकांनी दोनदा लाल पाठवलं, दोन्ही वेळा एप्रिलात कोमेजून गेलं. कॅटलियांमधला तो शेंदरी लाल रंग बहुतेक कॉक्सिनिया या जातीकडून येतो. ती ब्राझीलच्या डोंगरांवरच्या धुक्यातली, थंडाव्यातली. आमच्या उकाड्यात ती कशी जगणार? तिसऱ्यांदा अण्णांनी पत्रात विचारलं की लालच, पण गरम मुलखातल्या आईबापाचं काही आहे का. मग आलं ज्युएल बॉक्स. त्यात निम्मं रक्त मध्य अमेरिकेतल्या ऑरँटियाकाचं आहे, ती उष्णता सोसते. आईच्या हयातीत ते दर वर्षी फुललं. झाड निवडताना त्याच्या फुलाआधी त्याचं मूळ गाव विचारावं, हे आम्ही आईच्या त्या लाल रंगामुळे शिकलो. बाउरिंगियाना ही जातही तशीच, गरम मुलखातली, बुडाशी कांद्यासारखी फुगीर. दिवाळीच्या सुमारास जांभळ्या फुलांचा झुबकाच्या झुबका यायचा. फटाक्यांपेक्षा आम्हाला त्याची वाट असायची.

एक आठवण आम्ही चौघं भेटलो की निघते. जांभळ्या मोठ्या कॅटलियाला एका वर्षी पाकळ्यांवर वेडेवाकडे फिके-गडद पट्टे आले. आम्हाला ते नेहमीपेक्षा सुंदर वाटलं, शेजारच्या घरी दाखवून आलो. अण्णांनी काकांना वर्णन कळवलं. उत्तर आलं की हा विषाणू असणार, औषध नाही, कापण्याच्या सुरीवरून दुसऱ्या झाडांत जातो. त्या संध्याकाळी अण्णांनी ते झाड, कळ्यांसकट, न्हाणीच्या बंबात घातलं. कुंडीही फोडली. काही बोलले नाहीत, जेवलेही नाहीत. त्यानंतर घरात सुरी चुलीवर लाल केल्याशिवाय कुठल्या कॅटलियाला लागली नाही, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना पुन्हा चुलीवर. आज आम्ही गॅसवर धरतो.

चिठ्ठ्यांवर अण्णा शिसपेनीनं लिहायचे. शाई पावसात जाते, शिसं राहतं. तरी एका चिठ्ठीचं नाव गेलंच. झाड झालरीच्या ओठाचं, हिरवट पिवळं, रात्री लिंबासारखा वास. डिगबियाना या जातीचा अंश नक्की, पण संकर कुठला, ते आता कुणी सांगू शकत नाही. नाव गेलेल्या संकराचं नाव पुन्हा मिळत नाही. अण्णांना त्याची हळहळ शेवटपर्यंत होती. बाकीच्या चिठ्ठ्यांवरही ब्रासोलेलिओ-अमुक, सोफ्रोलेलिओ-तमुक अशी गोत्रं लिहिलेली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ती आता बदलली. आम्ही जुन्या चिठ्ठ्या काढल्या नाहीत. अक्षर अण्णांचं आहे.

आम्ही एकेक करून घराबाहेर पडलो तसे वाटे झाले. नव्या बल्बला नवी मुळं फुटू लागली की तोच मुहूर्त, इतर वेळी अण्णा हात लावू देत नसत. चार बल्बांचा तुकडा, जुनं टोक कुंडीच्या काठाला टेकवून, कोंबाला पुढे जागा ठेवून. बो बेल्सचे चार वाटे केले. एक मडगावला थोरल्या ताईकडे, एक पुण्याला, एक ठाण्यात माझ्याकडे अकराव्या मजल्यावर. चौथा भाऊचा. तो परदेशी गेला, आणि ऑर्किड सीमेपलीकडे न्यायला कागदपत्रं लागतात, ते जमलं नाही. त्याचा वाटा सावंतवाडीच्या पडवीतच राहिला. चिठ्ठीवर संकराच्या नावाखाली अण्णांनी लिहिलं आहे, "भाऊ".

यंदा पौषात आम्ही तिघी बहिणी घरी जमलो होतो. भाऊच्या कुंडीनं म्यान धरलं होतं. रात्री ताईनं मागे बॅटरी धरली, मी फोटो काढला आणि त्याला पाठवला. तीन कळ्या आहेत, असं खाली लिहिलं. तिकडे सकाळ होती. दोन मिनिटांत त्याचा निरोप आला, "बॅटरी जरा खाली धर." ताईनं हात खाली घेतला. बुडाशी, सगळ्यांत मागे, चौथी होती.