हवा लागू द्या

वितळलेलं जस्त टाकीत साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. त्याच्यावर सतत एक करडा थर धरत असतो. आम्ही त्याला राख म्हणतो. हे झिंक ऑक्साइड, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने गाठलेलं जस्त. टाकीवर नव्याने आलेला मुलगा ही राख सारखी ओढत राहतो. खालचं चकचकीत जस्त दिसलं की त्याला काम नीट झाल्यासारखं वाटतं. पण राख ओढली की उघडं पडलेलं जस्त पुन्हा हवा घेतं, पुन्हा राख होतं, आणि महागाचा धातू दर खेपेला थोडा थोडा हातचा जातो. पाइप जिथून आत शिरणार आणि जिथून वर येणार, तेवढीच जागा साफ करायची. बाकीच्या राखेला हात लावायचा नाही. खालच्या जस्ताला तीच झाकून ठेवते.

खोपोलीत पाइपांवर जस्त चढवण्याच्या कामात, तपासणीच्या बाजूला, माझी सारी नोकरी गेली. शाळेत ऑक्सिडीकरण शिकवतात ते गंजाचं उदाहरण देऊन, त्यामुळे हवा ही धातूची वैरीण ही समजूत सगळीकडे पक्की असते. मला ती अपुरी वाटते. कुठल्या घडीला किती हवा द्यायची हे ओळखण्यातच आमच्या कामाची सारी कला आहे.

लोखंडाच्या बाबतीत मात्र हात आखडताच ठेवावा लागतो. त्याचा गंज सच्छिद्र. मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून जस्त चढवण्याआधी सगळा ऑक्साइड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उतरवायचा. गंज तर खराच, पण तापवून लाटलेल्या पोलादावरची निळसर काळी खपलीसुद्धा. ॲसिडमधून निघालेलं पोलाद करडं दिसतं आणि फार हळवं असतं. मे महिन्यात धुतल्यावर थोडा वेळ मिळतो. जुलैत, घाटावरचे ढग शेडपर्यंत उतरलेले असताना, बघता बघता त्यावर पिवळसर झाक चढते. म्हणून पावसाळ्यात धुण्याच्या टाकीपासून फ्लक्सच्या टाकीपर्यंत घाई करावी लागते. फ्लक्स म्हणजे झिंक क्लोराइड आणि अमोनियम क्लोराइडचं गरम द्रावण. त्याचा पातळ थर पोलादाला जस्तात बुडेपर्यंत सांभाळतो.

भारतीय मानकानुसार पाच मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादी भागांवर दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त हवं. त्याची जाडी भरते साधारण ८५ मायक्रॉन. एवढ्याशा थरावर वर्षानुवर्षं भरवसा ठेवता येतो, कारण ओरखडा पडून पोलाद उघडं पडलं तरी इलेक्ट्रॉन आधी जस्त देतं. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजेच ऑक्सिडीकरण, आणि त्याला दर वेळी ऑक्सिजन लागतोच असं नाही. आमच्या प्रयोगशाळेत जस्त चढवलेला तुकडा मोरचुदाच्या द्रावणात एकेक मिनिट बुडवतात. जस्त विरघळत जातं, आणि थर पातळ असेल तिथे खालच्या पोलादावर लाल तांबं घट्ट बसतं. मला ही तपासणी फार आवडते. जाडी कुठे कमी पडली ते पाइप स्वतःच दाखवतो.

आणि तरीही जुलैत हेच जस्त रडवतं. ताज्या जस्तावर आधी ऑक्साइड येतं, मग दमटपणाने हायड्रॉक्साइड, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं हळूहळू कार्बोनेट होतं. हा शेवटचा थर घट्ट असतो, पाण्याला दाद देत नाही. चकाकी जाते, रंग मळकट करडा होतो, गिऱ्हाईक नाराज होतं. पण पाइप खरा सुरक्षित झाला तो तेव्हा. मग स्वच्छ हवेत वर्षाला मायक्रॉनभरच काय ते जस्त झिजतं. मात्र तो टप्पा यायला कित्येक आठवडे जातात, आणि तेवढा काळ जस्ताला खेळती हवा लागते. ताजे पाइप घट्ट बांधून, वरून ताडपत्री गुंडाळून उघड्यावर ठेवले की दोन पाइपांच्या फटीत पाणी शिरतं, हवा शिरत नाही. हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी साचते आणि तिच्याखाली जस्त कुरतडलं जातं. ओले कपडे घडी करून ठेवले की बुरा धरतो, तसंच. याला पांढरा गंज म्हणतात. ताडपत्री घालणाऱ्याने मालाची काळजीच घेतलेली असते, म्हणून हे समजावणं अवघड जातं. पाइपांमध्ये सुक्या लाकडी पट्ट्या घाला, एक टोक उचलून ठेवा म्हणजे पाणी निथळेल, आणि बाजूने हवा लागू द्या: दर पावसाळ्यात मी हेच सांगत आले.

इथला पाऊस कामातून वगळता येत नाही. लोणावळा, वळवण आणि शिरवटा धरणांतलं पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीत वीज काढली; कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं वीजघर १९२२ चं. खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, उन्हाळ्यातही मिळतं, आणि तिच्या काठाने रसायनीपर्यंत कारखाने उभे राहिले.

आमच्या टाकीवरचे एक जुने ऑपरेटर कर्जतकडचे. लावणीची रजा ठरलेली. ते म्हणायचे, “मॅडम, रोप लागलं की नाही ते मुळीला विचारायचं. पांढरी मुळी फुटली की लागलं.” मग जुनी मुळी तांबूस का असते, असं त्यांनीच एकदा विचारलं. चिखलणी केलेल्या, पाणी भरलेल्या खाचरात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, आणि मातीतलं लोह विरघळलेल्या अवस्थेत येतं. भाताच्या अंगात पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्यांतून मुळांपर्यंत उतरते, थोडी मुळाबाहेर झिरपते, आणि तिथे लोह ऑक्साइड होऊन मुळीवर बसतं. तांबूस रंग त्याचा. जास्तीचं लोह आत शिरण्याआधी त्यातलं बरंचसं बाहेरच थोपवलं जातं. कर्जतला भातावर संशोधन करणारं केंद्र १९१९ पासून आहे. तिथून फार लांब नसलेल्या खाचरांत हे दर आषाढात घडतं. ऑपरेटरकाकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे रोपालाही आपल्यासारखंच करावं लागतं.” त्यांचं ते वाक्य मला पटलं.

राहिलं थकलेलं ॲसिड. पोलादावरची खपली आणि गंज खाऊन ते हिरवट होतं. त्यात विरघळलेलं लोह असतं. हे लोह अजून पुरतं ऑक्सिडीकृत झालेलं नसतं, तसंच पुढे सुटलं तर नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि तो माशांच्या वाट्याचा असतो. म्हणून सांडपाण्यात चुना घालतात आणि खालून ब्लोअरने हवा फुंकतात. हिरवट गढूळपणा तपकिरी होतो, चोथा तळाला बसतो, तो तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जातो. या टाकीकडे पाहुणे कधी येत नाहीत, बक्षिसंही मिळत नाहीत. पण पाताळगंगेच्या काठावर काम करणाऱ्याने सर्वांत आधी हीच टाकी शिकावी असं मला वाटतं. माझ्या जागी आलेल्या मुलींना मी दोन गोष्टी सांगितल्या: रात्रपाळीत वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवू द्यायचा नाही, आणि नोंदवहीत लिहिण्याआधी पाण्याचा रंग स्वतः जाऊन पाहायचा.