वॅट कुठे अडतात

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प माझ्याकडे येतो तेव्हा तक्रार ठरलेली असते: आवाज आहे, पण दम नाही. सोबत बहुतेकदा ईएल८४ची नवी जोडी विकत आणलेली असते. ती मी डब्यातच ठेवायला सांगतो. पॉवर निम्म्यावर आली तरी फरक जेमतेम तीन डेसिबलचा. एवढ्यावर कानाने निदान करणं मला पटत नाही.

उस्मानपुऱ्यातल्या एका पोराचा अ‍ॅम्प असाच आला. पुश-पुलमध्ये दोन ईएल८४, म्हणजे पंधराएक वॅट मिळायला हवेत. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाडजूड वायरवाउंड रेझिस्टर लावला, इनपुटला एक किलोहर्ट्झची साइन वेव्ह दिली आणि स्कोपवर शेंडे चपटे होऊ लागेपर्यंत व्हॉल्यूम चढवला. साडेआठ व्होल्ट. त्याचा वर्ग भागिले आठ: नऊ वॅट.

आधी लाइन बघायची. संभाजीनगरात एप्रिल-मेच्या संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की २३०चे कधी २०० होतात. तेवढ्याने ३२० व्होल्टचा हायटेन्शन २८०च्या खाली येतो आणि पॉवर चौथाईने घटते. त्या दिवशी मात्र लाइन ठीक होती. मग २७० ओहमचे दोन्ही कॅथोड रेझिस्टर तपासले. एका बाजूला शून्य दिसलं असतं तर तो व्हॉल्व्ह झोपलेला. पण दोन्हीकडे साडेदहाच्या आसपास व्होल्ट होते, म्हणजे प्रत्येकी चाळीस मिलिअँपिअरच्या जवळ. व्हॉल्व्ह ठणठणीत. (हे मोजताना डावा हात खिशात. बंद केलेल्या अ‍ॅम्पचे फिल्टर कपॅसिटरही आधी रिकामे करून घ्यावेत, ते जीव घेऊ शकतात.)

उरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तो मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गुंडाळून घेतलेला. सर्किटमधून सोडवून त्याच्या सेकंडरीला वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचा ६.३ व्होल्ट एसी दिला. प्रायमरीच्या दोन टोकांत १३९ आले. म्हणजे वेढ्यांचं प्रमाण २२. बावीसचा वर्ग गुणिले आठ, ३,८७२ ओहम. या व्हॉल्व्हना प्लेट-टू-प्लेट ८,००० लागतात. निम्म्या लोडवर ते करंट देऊन देऊन थकतात, पण व्होल्टेजचा झोका पुरा होत नाही. वॅट अडले होते ते इथे.

रिवाइंडिंग करायची गरज नव्हती. बावीसचा वर्ग गुणिले सोळा, ७,७४४. त्याच्या कॅबिनेटमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर मावत होते. ते सिरीजमध्ये जोडले. १६ ओहमच्या लोडवर पुन्हा मोजलं: पंधरा व्होल्ट, म्हणजे चौदा वॅट.

मात्र खालची ई तार अजून भरदार वाजत नाही. प्रायमरीचा इंडक्टन्स तेवढाच, लोड मात्र दुप्पट, त्यामुळे बेस आधीपेक्षा जरा जास्तच पडतो. त्याला मोठा कोअर आणि जास्त वेढे लागतील. पुण्याला गेलो की बुधवार पेठेत तसं लॅमिनेशन शोधणार आहे.