खोटी हाक

एप्रिल उजाडला की अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या दक्षिण भागात ओझार्कच्या टेकड्यांवर रेडबडची झाडे जांभळट गुलाबी फुलांनी भरून जातात आणि त्यांच्यामागोमाग डॉगवूडला पांढरा बहर येतो. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या एका लहानशा गावात सांगलीच्या पेठेतील एक वृद्ध हळद-व्यापारी आपल्या मुलाकडे मुक्कामाला आले होते. घरात त्यांना सर्व जण अण्णा म्हणत. मुलाचे गावात घरगुती वस्तूंचे दुकान होते. त्या दिवसांत गावातील बहुतेक दुकानांच्या दर्शनी भागात पानाफुलांच्या छपाईचे शिकारी पोशाख आणि काडतुसांची खोकी मांडलेली असत. मुलाने तो माल कधीच ठेवला नव्हता. त्यामुळे वसंतातले गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, हे त्याला माहीत होते. पण ते नुकसान त्याने पहिल्या वर्षीच मनाने मान्य केले होते.

शेजारी एक निवृत्त शेतकरी राहत. त्यांचे या घरावर ऋण होते. पहिल्याच हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने तीन दिवस वीज गेली, तेव्हा त्यांनी या कुटुंबाला आपल्या घरी नेऊन लाकडाच्या शेगडीजवळ जागा दिली होती. पाहुणे मांस खात नाहीत हे कळल्यावर त्यांनी स्वतःही ते तीन दिवस डब्यातला मका आणि घेवडा यांवर काढले होते. हेच शेजारी एका सायंकाळी दारात आले आणि संकोचाने म्हणाले, "येत्या शनिवारी रानटर्कीच्या शिकारीला तुमच्या मुलाला बरोबर नेऊ का?"

नातू तेरा वर्षांचा होता. मिसुरीत वसंतातील मुख्य हंगामापूर्वी एक शनिवार-रविवार ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवतात. मोठ्या माणसाने सोबत राहावे, पण शिकार मुलाने करावी, असा तो प्रघात आहे. नातवाच्या वर्गातील निम्मी मुले जाणार होती. सून काही बोलली नाही. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्हीच काय ते सांगा."

शिकार हे सात व्यसनांपैकी एक, हे अण्णांनी लहानपणीच पाठ केले होते. उत्तर त्यांच्याजवळ तयार होते. तरीही ते त्यांनी लगेच दिले नाही. समोरच्याचे म्हणणे ऐकून न घेता सौदा मोडणे त्यांच्या पेढीवर कधी घडले नव्हते. त्यांनी शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी चहाला बोलावले.

शेजारी आले ते खिशात पाटीच्या दगडाची एक गोल चकती आणि लाकडी कांडी घेऊन. कांडीचे टोक चकतीवर फिरवताच स्वयंपाकघरात एका पक्षिणीचा आवाज उमटला. मग त्यांनी शिकारीची रीत सांगितली. रात्री हे पक्षी झाडांवर बसतात. पहाटे नर फांदीवरूनच घशातून गडगडाटी साद घालतो आणि ती ऐकून माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी अंधारातच एखाद्या रुंद बुंध्याला पाठ टेकवून बसतो आणि मादीचा आवाज काढतो. जिकडे मादीने जायचे, तिकडे नराला यायला लावायचे, हेच त्यातले कसब. टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण असते की डोळ्यांवरची टोपी सावरली तरी खेळ संपतो. लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर ठेवायचे नाहीत. कारण नराच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि दुसरा शिकारी फसून माणसावरच बंदूक रोखू शकतो.

अण्णांनी माल पारखावा तसे प्रश्न विचारले. नरच का? शेजारी म्हणाले, एक नर अनेक माद्यांबरोबर राहतो आणि पिलांच्या संगोपनात त्याचा वाटा नसतो; म्हणून थोडे नर गेले तरी पुढची पिढी अडत नाही. हंगामही त्या बेतानेच ठरवतात. किती मारायचे? साऱ्या हंगामात दोन, आणि तेही एका दिवशी नाहीत. आमिष म्हणून दाणा टाकायचा नाही, यंत्रावर ध्वनिमुद्रित आवाज लावायचा नाही, रायफल वापरायची नाही. मारलेल्या पक्ष्याची नोंद त्याच रात्री दहाच्या आत सरकारकडे करायची.

"ही मर्यादा कोणी घातली?" अण्णांनी विचारले.

यावर शेजाऱ्यांनी जे सांगितले, ते अण्णा लक्ष देऊन ऐकत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी ओझार्कचे जंगल लाकडासाठी तोडले गेले आणि बाजारात विकण्यासाठी पक्षी बेसुमार मारले गेले. १९५० च्या सुमारास साऱ्या मिसुरीत अडीच हजारांहूनही कमी रानटर्की उरले होते. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, पण ते रानात टिकले नाहीत. मग १९५४ पासून उरलेल्या रानातलेच पक्षी जाळ्यात जिवंत पकडून दुसऱ्या टेकड्यांवर नेऊन सोडू लागले. १९६० मध्ये प्रथम तीन दिवसांचा वसंत-हंगाम ठेवला. त्या वर्षी ९४ नर मारले गेले. पुढे मिसुरीतलेच पक्षी इतर राज्यांना देण्यात आले आणि त्यांच्या बदल्यात तिकडचे वन्यजीव इकडे आणले गेले.

"या कामाला पैसा कुठून आला?" हा प्रश्न व्यापाऱ्याचाच होता.

१९३७ च्या एका केंद्रीय कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांच्यावरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. म्हणजे जो मारतो, तोच जगवण्याचा खर्च देतो. शिवाय १९७६ मध्ये मिसुरीच्या मतदारांनी आणखी एक कर स्वतःहून मंजूर केला. राज्यात जी वस्तू विकली जाते, तिच्यावर एक अष्टमांश टक्का. तो रानांसाठी, नद्यांसाठी आणि सर्व वन्यजीवांसाठी खर्च होतो.

मुलगा मधेच थांबला. तो कर तो दर महिन्याला भरत होता. शंभर डॉलरांच्या विक्रीमागे साडेबारा सेंट. त्याने काडतुसे ठेवली नव्हती. पण त्याच्या दुकानातील झाडू आणि बादलीच्या विक्रीतूनही तो अंश त्याच खात्यात जात होता, आणि तेच खाते पक्षी जगवत होते व मारण्याचे परवानेही देत होते.

शेजाऱ्यांनी मग शांतपणे विचारले, "तुमच्या व्यापारात काही मरत नाही का?"

प्रश्नात टोचणी नव्हती. अण्णांनी थोडा वेळ घेतला. "मरते," ते म्हणाले. "हळदीला कीड लागते. गोदाम बंद करून धुरी द्यावी लागते. चाळीस वर्षे दिली. धुरीनंतर दार उघडले की मी आधी आत जात नसे. हमालांना पाठवीत असे. आमच्याकडे शास्त्रकारांनी भेद केला आहे. उद्योगात टाळता न येणारी हिंसा निराळी आणि ठरवून, संकल्प करून केलेली हिंसा निराळी. तो भेद मी मानतो. पण त्या भेदामुळे माझ्या खात्यावर शून्य येत नाही."

नातू दोन भाषांमध्ये दुवा होऊन हे सारे सांगत होता. 'संकल्प' या शब्दाशी तो अडखळला. मग त्याने आपल्या परीने सांगितले, "मनात आधी ठरवलेले."

शेजारी मान हलवून म्हणाले, "मग माझी शिकार संकल्पाचीच. मी वर्षभर तिची वाट पाहतो." निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात गेला आहे. त्याला यात रस नाही. हे रान, कोणत्या पाणंदीने कोणता पक्षी उतरतो याचे ज्ञान, त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाले. ते कोणाकडे तरी द्यायचे होते.

अण्णांना ते लगेच समजले. सांगलीची त्यांची पेढीही पुढच्या वर्षी बंद व्हायची होती. हळदीचे हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून आणि रंगावरून प्रत सांगण्याची विद्या घ्यायला घरात कोणी उरले नव्हते.

अखेर असे ठरले की शनिवारच्या आधी, गुरुवारी पहाटे, सर्वांनी बंदुकीविना रानात जाऊन यायचे. हंगामापूर्वी पक्षी कुठे बसतात ते ऐकायला शेजारी तसेही जातच असत.

साडेपाचला ते निघाले. शेजाऱ्यांनी थर्मासमधून कॉफी पुढे केली. सूर्योदयापूर्वी काही न घेण्याचा अण्णांचा नेम होता. त्यांनी हात जोडले. ओकच्या झाडांखाली वाळलेल्या पानांचा थर होता. विजेरीच्या उजेडात अण्णा पाऊल जपून टाकत होते. एका बांधाजवळ तिघे थांबले आणि विजेरी विझवली. दूर घुबड बोलले, आणि त्याला उत्तर द्यावे तशी समोरच्या उतारावरून ती साद फुटली. मोराची केका ऐकत लहानपण काढलेल्या माणसालाही ती अनपेक्षित होती. तीत आर्तता नव्हती. आडदांड, भरलेल्या गळ्याचा आनंद होता.

"कुठून आली?" शेजाऱ्यांनी हलक्या आवाजात विचारले. नातवाने तत्काळ बोट दाखवले. शेजारी ओशाळे हसले. त्यांना साद ऐकू येत असे, पण गेली दोन वर्षे ती कोणत्या दिशेची हे कानांना उमजत नव्हते.

उजाडल्यावर नर जमिनीवर उतरला. कांस्यासारखी चमक असलेले अंग, छातीवर लोंबणारा केसांसारखा काळा झुबका, आणि मग उलगडलेला शेपटीचा पंखा. डोक्याचा रंग पाहता पाहता पांढरा, निळा, लाल होत होता. दोन माद्या चरत पुढे गेल्या. चकती शेजाऱ्यांच्या खिशातच राहिली.

परतताना नातू बराच वेळ गप्प होता. घराजवळ आल्यावर तो शेजाऱ्यांना म्हणाला, "मी शनिवारी येणार नाही. तो खरा आवाज ऐकून आला असता, तर गोष्ट वेगळी होती का, ते मला माहीत नाही. पण खोट्या हाकेवर तो येईल आणि मी तिथे बंदूक घेऊन बसलेला असेन, हे मला जमणार नाही."

अण्णांनी त्याला हे शिकवले नव्हते. नमुना एक दाखवून दुसरा माल भरू नये, एवढेच तो त्यांच्या तोंडून ऐकत आला होता.

शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. ते त्यांनी लपवले नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "निदान हंगामात माझ्याबरोबर ऐकायला ये. तुझे कान मला लागतील."

नातवाने आजोबांकडे पाहिले. "आजोबा, मी फक्त दिशा सांगितली तर?"

प्रश्न कठीण होता, कारण होकार देणे किती सोपे होते. ऋण होते, स्नेह होता, आणि मुलाचा हात बंदुकीला लागणार नव्हता. अण्णा म्हणाले, "बाळ, स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला मान डोलावणे, तिन्ही एकाच पानावर लिहिली जातात. मी हमालांना पुढे पाठवीत होतो, तेव्हा हेच विसरत होतो."

शेजाऱ्यांना हे सांगितले गेले. त्यांनी वाद घातला नाही. निरोप घेऊन ते आपल्या घराकडे वळले. त्या हंगामात ते एकटेच रानात गेले. त्यांना पक्षी मिळाला की नाही, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मेअखेर ते पुन्हा दारात आले. हातात नोंदीचा एक कागद होता. मिसुरीचे वन्यजीव खाते दर वर्षी जून ते ऑगस्ट सामान्य नागरिकांकडून टर्कीची गणना करवून घेते. मादी जमिनीवरच्या घरट्यात दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. पण रॅकूनसारखे प्राणी घरटी लुटतात आणि पावसाळी गारठ्यात कोवळी पिले दगावतात. अलीकडच्या काळात पिले जगण्याचे प्रमाण घटल्याने शिकारीही चिंतेत आहेत. किती माद्या दिसल्या, प्रत्येकीबरोबर किती पिले, एवढेच लिहून पाठवायचे असते.

"यात कोणाला हाक मारायची नाही," शेजारी म्हणाले. "फक्त मोजायचे. माझी नजर अजून चांगली आहे, कान तुझे."

या वेळी नातवाने आजोबांकडे पाहिले नाही. तो बूट घालायला आत गेला.

अण्णा जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला परतले. पेढी आवरण्याचे काम चालू होते. जुन्या खतावण्या बांधून ठेवताना त्यांच्या फोनवर नातवाचा निरोप आला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि समोरच्या कोऱ्या पानावर, चाळीस वर्षांच्या सवयीने, तारीख घालून उतरवून घेतला : मादी १, पिले ७.