पाटी लावण्याआधी

पारनेर

चि. सई,


दादाचा फोन आला होता. तुला जे.जे.त इंटिरिअर डेकोरेशनला प्रवेश मिळाला म्हणून तो खूश आहे, पण एक शंका त्याला स्वस्थ बसू देत नाही. 1972च्या कायद्यामुळे नोंदणीशिवाय कुणाला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर डिझायनरची पाटी मात्र कुणीही लावावी. मग पदवीपायी चार वर्षं कशाला, असं त्याचं म्हणणं. शंका रास्त आहे. पण कायदा विचारत नाही, म्हणूनच शिकून घ्यायला हवं असं मला वाटतं. ओट्याची उंची चुकली तर पाटीवाला पैसे घेऊन निघून जातो, कंबर मोडते ती घरातल्या बाईची.

आपलं माळवद आता विद्यार्थिनीच्या नजरेनं बघ. तुळयांवर सर, सरांवर किलचा, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद. वैशाखातल्या दुपारीसुद्धा माजघरात गार वाटतं ते त्यामुळे. छतातल्या सवण्यातून उन्हाचा पट्टा खाली येतो, त्यातच आजी तांदूळ निवडायला बसायची. पट्टा सरकला की तीही सरकायची. माणूस कुठे बसतं, कशासाठी बसतं आणि तिथे उजेड कुठून येतो, हे आधी बघायचं. पडदे, रंग, फर्निचर सगळं त्यानंतर.

नगरला गेलीस की फराहबागेत थोडा वेळ काढ. सलाबतखानानं 1583 मध्ये पुरा केलेला हा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध बांधलेला. मधला दिवाणखाना तीसेक फूट उंच. तापलेली हवा वर जाते, माणसं खाली गारव्यात बसतात. आत उभी राहा आणि मान वर करून बघ. वर्गातल्या फळ्यावरून ती उंची अंगाला कळायची नाही.

आता कामाचं. माजघरावरचा एक सर कुजलाय. मार्गशीर्षात माळवद उतरवून स्लॅब टाकायचं दादाच्या मनात आहे. मी अडवणार नाही. पावसाळ्यात गळकं घर सांभाळणं सोपं नसतं. पण दिवाळीच्या सुटीत तू आधी सगळ्या खोल्यांची मापं घे, नकाशा काढ. स्लॅब पडल्यावर सवण्याचा उजेड कुठून आणायचा आणि उन्हाळ्यात वरून येणारी धग कशी अडवायची, ते दादाला कागदावर दाखव. तोवर गवंड्याला मी थांबवून ठेवतो.

तुझा काका